मागच्या मॅचसाठी निवडलेली टीम

निपाणीच्या एका कॉलेजच्या मुलानं विचारलंय, "सर, घरात वर्षानुवर्षं बहुतेकांना लोळवत आलेली आपली टीम बाहेर गेली की हरते का? सिलेक्टर लोक वशिला बघतात काय? आणि आपल्या सीमाभागातल्या पोरांकडे कुणी बघत नाही, ते खरं का? मी स्वतः ओपनिंग करतो."

मी बेळगावात तीस-एक वर्षं पोरांना लेदर बॉलवर खेळायला शिकवतोय. त्यातली काही वर्षं लहान वयोगटांच्या टीमा निवडण्याच्या खोलीतही बसलोय. त्यामुळे टीम हरल्यावर सिलेक्टरला शिव्या घालताना माझी जीभ थोडी अडखळते. तरी आज थोड्या घालणार आहे.

आधी भारताची कसोटी टीम "बाहेर गेली की हरते" हे जरा तपासून घेऊ. १९५२ साली इंग्लंडात हेडिंग्लेला दुसऱ्या डावात आपली अवस्था होती शून्यावर ४ बाद. १९५९ साली इंग्लंडमध्ये ५-०. १९७४ साली लॉर्ड्सला ४२ वर सगळे बाद. २०११ मध्ये इंग्लंडात ४-० आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात ४-०. हे सगळं खरं. पण त्याच ऑस्ट्रेलियात २०१८-१९ आणि २०२०-२१ अशा लागोपाठ दोन मालिका आपण जिंकलो, आणि २०२५ साली शुभमन गिलच्या टीमनं इंग्लंडात २-२ केलं. म्हणजे हा काही कुंडलीतला दोष नव्हे. जिंकलो तेव्हा काय केलं होतं आणि हरलो तेव्हा काय केलं होतं, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

बॅटिंगचं आधी सांगतो, कारण ते तुला उद्यापासून उपयोगी पडेल.

आपल्याकडे भात कापून झालं की उचगाव, हिंडलगा बाजूला शिवारात टेनिस बॉलच्या मॅचा सुरू होतात. धसकटं उपटून, माती चोपून पिच केलेलं असतं. चेंडू घोट्याच्या वर येईल तर शपथ. अशा पिचवर वाढलेलं पोरगं माझ्याकडे येतं, तेव्हा त्याचा पुढचा पाय आपोआप पुढे पडतो आणि बॅट प्रत्येक चेंडूला जाते. त्याची चूक नाही. तिथे चेंडू सोडला तर दांडी उडते! मग तो मॅटवर येतो. मॅटवर उसळी जास्त, पण ठरलेली. तिथे तो मागच्या पायावर जायला शिकतो. मग टर्फ, म्हणजे माती-गवताचं खरं पिच, आणि टर्फवर ओलसर सकाळ. इथे पहिल्यांदा त्याला कळतं की चेंडू टप्पा पडल्यावरही मत बदलतो.

मोठ्या टीमचं दुखणं हेच आहे, फक्त आकडे मोठे. आपल्या पिचवर चेंडू खाली राहतो, म्हणून पायचीत आणि त्रिफळ्याची धास्ती असते आणि फलंदाज जवळजवळ प्रत्येक चेंडू खेळतो. पर्थला किंवा ब्रिस्बेनला तोच टप्पा स्टंपांच्या वरून जातो. तिथे भीती बॅटच्या कडेची असते. सवय मात्र घरची. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात विराट कोहलीच्या ९ डावांत १९० धावा झाल्या. पर्थच्या दुसऱ्या डावातल्या नाबाद १०० वजा कर, उरलेल्या आठ डावांत ९०. तो आठ वेळा बाद झाला आणि आठही वेळा ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला कड लागून मागे झेल. इंग्लंडात २०१४ साली त्याचं हेच झालं होतं, १० डावांत १३४. मग २०१८ ला तो क्रीजच्या बाहेर उभा राहून, चेंडू सोडत सोडत खेळला आणि ५९३ धावा काढल्या. एकदा सुटलेली गाठ दहा वर्षांनी पुन्हा बसू शकते.

चेंडूंचाही भाग आहे. आपला एसजी हातानं शिवलेला, शिवण टोकदार. इंग्लंडचा ड्यूक हातशिलाईचाच, पण वरून लाखेचा असा थर की नीट चकाकी राखली तर पन्नास षटकांनंतरही हवेत वळावा. (२०२५ च्या दौऱ्यात मात्र तो लवकर मऊ पडतो म्हणून आपली मंडळी सारखी अंपायरकडे चेंडू घेऊन जायची.) ऑस्ट्रेलियाचा कुकाबुरा बराचसा मशीनवर शिवलेला. पहिली वीस-पंचवीस षटकं त्यात जीव, मग शिवण बसते. त्यामुळे तिथे ओपनरनं धावा किती केल्या यापेक्षा नवा चेंडू किती जुना करून दिला हे मोलाचं. चेतेश्वर पुजारानं २०१८-१९ ला ५२१ धावा केल्या हे सगळ्यांना आठवतं. त्यासाठी तो १२५८ चेंडू खेळला. कमिन्स, स्टार्क, हेझलवूडचे पाय त्यानं चार कसोटींत थकवले आणि त्यावर बाकीच्यांनी जेवण केलं.

माझ्या स्कोअरबुकात मी एक जास्तीचा रकाना आखतो, "सोडले". पोरांना आधी हसू येतं. आईबाप विचारतात, "सर, सोडल्याचे मार्क असतात काय?" असतात.

आता निवड. माझं म्हणणं एवढंच आहे: बाहेर गेल्यावर आपण फार वेळा पुढच्या मॅचसाठी टीम निवडत नाही, मागची मॅच निस्तरण्यासाठी निवडतो. आणि भीती बहुतेक वेळा धावांची असते, बळींची नसते.

२०१८ चं वर्ष घे, एकाच वर्षात सगळे नमुने मिळतात. जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला भुवनेश्वर कुमारनं पहिल्या डावात चार बळी घेतले, आणि पुढच्याच सेंच्युरियनच्या कसोटीत तो बाहेर. अजिंक्य रहाणे, ज्याचा बाहेरच्या पिचवरचा खेळ सगळ्यांनी बघितलेला, तो पहिल्या दोन कसोटींत पाणी देत होता, कारण रोहित शर्मा घरच्या मालिकेत फॉर्मात होता. तिसऱ्या कसोटीत, जोहान्सबर्गच्या त्या भयंकर पिचवर, भुवनेश्वर आणि रहाणे दोघेही परत आले. रहाणेनं ४८ केल्या, आपण जिंकलो. मालिका तोवर गेलेली होती. ऑगस्टमध्ये इंग्लंडात एजबॅस्टनला पुजारा बाहेर. मग लॉर्ड्स. पहिला दिवस पावसानं वाहून गेला, दुसऱ्या दिवशी आभाळ एवढं खाली आलेलं की दिवे लागलेले, आणि आपण दुसरा फिरकीपटू म्हणून कुलदीप यादवला खेळवला. १०७ मध्ये गुंडाळलो, डावानं हरलो, कुलदीपला एक बळी नाही. त्यात त्याचा काय दोष? डिसेंबरात पर्थला उलटं टोक. पिचवर हिरवळ बघून चार वेगवान घेतले, फिरकीपटू एकही नाही. त्यांचा फिरकीपटू नेथन लायननं त्याच पिचवर सामन्यात आठ बळी घेतले. आपल्या बाजूनं फिरकी टाकत होता हनुमा विहारी, जो मुळात बॅट्समन.

लॉर्ड्सला पंधरा दिवसांपूर्वीचं कोरडं पिच डोक्यात होतं, पर्थला गवताचा रंग. खाली वाकून पिचवर किल्ली टेकवून कुणी बघितलं असतं तर? बघितलंही असेल. पण ड्रेसिंग रूममध्ये पिचपेक्षा मागच्या स्कोअरकार्डचा आवाज मोठा असतो. मला हे माहीत आहे, कारण मी स्वतः हे केलंय.

सोळा वर्षांखालच्या टीमची निवड होती. आधीच्या आठवड्यात आपल्याच गावात मॅटवर आमची पोरं नव्वदीत गारद झालेली. पुढची मॅच हुबळीला, टर्फवर, नोव्हेंबरात. खानापूरकडचा एक उंच, डावखुरा मध्यमगती पोरगा होता, चेंडू आत आणायचा. मी त्याला बसवला आणि एक जास्तीचा बॅट्समन घेतला, "थोडी बॉलिंगपण टाकतो" असा. सकाळी हुबळीला दव एवढं की बूट भिजले. आम्ही टॉस जिंकून फील्डिंग घेतली. दहा वाजेपर्यंत त्यांचे पाच गेले आणि मग माझ्याकडे टाकायला माणूसच नाही. तो थोडी बॉलिंग टाकणारा टाकायचा आणि ते मारायचे. खानापूरचं पोरगं सीमारेषेवर बाटल्या घेऊन उभं. संध्याकाळी त्याचे मामा आले, आवाज न चढवता म्हणाले, "पाणी वाटायलाच नेलतासा काय वो त्याला?" उत्तर नव्हतं. अजून नाही.

म्हणून आठव्या नंबरपर्यंत बॅटिंग हवी हा हट्ट ऐकला की मला ते मामा आठवतात. २०२१ ला इंग्लंडात चारही कसोटींत ऑफस्पिनर अश्विन बाहेर. जडेजा खेळला तो मुख्यतः डावखुऱ्या बॅटिंगसाठी. २०२३ ला ओव्हलवर कसोटी विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलियाच्या अकरात पाच डावखुरे, आणि डावखुऱ्यांचा कर्दनकाळ अश्विन पुन्हा बाहेर. ट्रॅव्हिस हेडनं १६३ केल्या, आपण २०९ धावांनी हरलो. २०२४-२५ ला पर्थमध्ये वॉशिंग्टन सुंदर, ॲडलेडला अश्विन, ब्रिस्बेनला जडेजा. तीन कसोटींत तीन फिरकीपटू! ब्रिस्बेन संपलं आणि अश्विननं निवृत्तीच जाहीर केली. त्या मालिकेत जसप्रीत बुमरानं ३२ बळी घेतले आणि आपण ३-१ नं हरलो, यावरून दुसऱ्या टोकाला काय होतं ते समज.

आता माझ्याच विरुद्धचा पुरावा देतो, नाहीतर तू म्हणशील सर सोयीचं तेवढं सांगतात. ब्रिस्बेनचं गॅबा मैदान, जानेवारी २०२१. शार्दूल ठाकूर ६७, वॉशिंग्टन सुंदर ६२, दोघांची १२३ ची भागीदारी. ती नसती तर ऋषभ पंतच्या नाबाद ८९ ला काही अर्थ उरला नसता. २०२५ ला मँचेस्टरमध्ये जडेजा आणि सुंदर यांनी नाबाद शतकं ठोकून मॅच वाचवली. खालच्या फळीची बॅटिंग उपयोगी पडते, कोण नाही म्हणतंय? पण त्याच २०२५ च्या दौऱ्यात हेडिंग्लेला आपली पाच शतकं झाली, पाच, आणि तरीही आपण हरलो. पहिल्या डावात शेवटचे सात बळी ४१ धावांत गेले, दुसऱ्या डावात शेवटचे सहा ३१ धावांत. लांबवलेली बॅटिंगही पडली, आणि शेवटच्या दिवशी ३७१ अडवता आल्या नाहीत. झेलही सुटले, तो हिशोब वेगळा. पुढच्या एजबॅस्टनला बुमरा विश्रांतीवर. त्याच्या जागी आकाश दीप, जो चेंडू शिवणीवर आपटतो आणि आत आणतो. त्यानं सामन्यात १० बळी घेतले, गिलनं २६९ आणि १६१ केल्या, आणि एजबॅस्टनवर आपण पहिल्यांदा कसोटी जिंकलो. शेवटच्या ओव्हलच्या कसोटीत ६ धावांनी जिंकलो, तिथे सिराजचे ९ बळी. दोन्ही विजय बुमराशिवाय आले. यातून बुमरा नको असा अर्थ काढणारे महाभागही मला कॅम्पातल्या चहाच्या गाड्यावर भेटले. त्यांना मी चहा पाजला आणि निघून आलो.

चांगली निवड कशी दिसते विचारशील तर माझ्या मते ऑगस्ट २००२, हेडिंग्ले. आभाळ भरलेलं, पिच ओलसर. सौरव गांगुलीनं टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि कुंबळे-हरभजन दोघांनाही खेळवलं. सगळ्यांना वाटलं डोकं फिरलंय. पण त्यानं आणखी एक केलं होतं, सेहवागबरोबर ओपनिंगला संजय बांगरला पाठवलं. बीडचा माणूस, दिसायला साधी बॅटिंग. त्यानं २३६ चेंडूंत ६८ केल्या. पहिल्या दिवसअखेर २ बाद २३६. मग द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८, आणि पिच सुकून फुटायला लागल्यावर कुंबळेचे सामन्यात ७ बळी. डावानं जिंकलो. पहिल्या दिवसासाठी बांगर, चौथ्या दिवसासाठी दोन फिरकीपटू. पाच दिवस डोळ्यांसमोर ठेवून निवडलेली टीम ही अशी असते.

वशिल्याचं म्हणशील तर आपल्या कर्नाटकाचाच करुण नायर घे. २०१६ ला चेन्नईत नाबाद ३०३. २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो पहिल्यापासून टीमबरोबर होता, आणि ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत जागा रिकामी झाली तेव्हा मागाहून आलेल्या हनुमा विहारीला खेळवलं. विहारीनं ५६ केल्या हे मान्य, पण रांगेत उभ्या असलेल्याला डावलून मागच्याला आत घेतलं, हा अन्याय होता आणि मी तो अन्यायच म्हणणार. २०२५ ला मात्र त्याला परत बोलावलं, चार कसोटी दिल्या. आठ डावांत २०५ धावा, एक अर्धशतक. बरेचदा वीस-तीसपर्यंत छान खेळून बाद. त्यानंतर त्याला वगळलं तेव्हा आपल्याकडे लोक चिडले. मी नाही चिडलो.

दुसरं उदाहरण तर आपल्या दारातलं. मे २०१९, ऑटोनगरच्या केएससीए (कर्नाटकाची क्रिकेट संघटना) मैदानावर भारत 'अ', म्हणजे आपली दुसऱ्या फळीची टीम, विरुद्ध श्रीलंका 'अ'. बंगालच्या अभिमन्यू ईश्वरननं २३३ केल्या, प्रियांक पांचालनं १६०, आपण डावानं जिंकलो. ईश्वरनचा खेळ म्हणजे नुसती शिस्त, डोकं चेंडूवर, घाई नाही. तेव्हापासून तो कितीतरी दौऱ्यांवर राखीव म्हणून गेला आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत त्याच्या डोक्यावर कसोटीची टोपी आली नाही. २०२४ ला पर्थमध्ये रोहित नव्हता, गिल जखमी, तरी तिसऱ्या नंबरवर देवदत्त पडिक्कल खेळला. पडिक्कल आपल्या राज्याचा, म्हणून मी खूश व्हायला हवं होतं, पण मला त्या बंगालच्या पोराचं वाईट वाटलं. आता सिलेक्टरच्या खुर्चीत बसून बघ. ईश्वरनचे ते २३३ मेच्या उन्हात, बेळगावच्या पाटा पिचवरचे होते, आणि पर्थच्या आधी ऑस्ट्रेलिया 'अ' विरुद्ध त्याच्या धावा झाल्या नव्हत्या. न खेळवण्यामागे कारण होतं. ते कारण त्याला तोंडावर कुणी सांगितलं असेल अशी आशा करतो. खोलीत बसणाऱ्यांची खरी खोट इथे असते. नाव का गेलं हे पोराला सांगायची हिंमत फार थोड्यांत असते, माझ्यातही नव्हती.

तुझा तिसरा प्रश्न. निपाणी-बेळगावचं पोरगं केएससीएच्या धारवाड विभागात येतं. कोल्हापूर आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण तिथलं पोरगं महाराष्ट्रासाठी खेळतं. आपलं दार बेंगळुरूला, पाचशे किलोमीटरवर. मराठी आडनाव म्हणून कुणाला काढलं असं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं नाही. बघितलंय ते असं: पोरगं रात्री बेंगळुरूच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला बसतं, किटबॅग उशाला, झोप नाही. सकाळी उतरून थेट ट्रायलच्या रांगेत. नेटमध्ये दहा-बारा चेंडू मिळतात. मॅटवर खेळलेले हात, समोर टर्फ, चेंडू नवा. दोन चेंडू बॅटीजवळून गेले, तिसऱ्याला कड, "नेक्स्ट". रात्री पुन्हा चन्नम्मा. बेंगळुरूचं पोरगं त्याच टर्फवर रोज खेळतं, घरून इडली खाऊन येतं. अंतरानं केलेला हा अन्याय कुणाच्या नावावर टाकायचा?

आणि गंमत बघ, मोठ्या टीमनं हे स्वतःहून ओढवून घेतलंय. २०१८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातली सरावाची मॅच रद्द करून टाकली. त्याच वर्षी इंग्लंडात एसेक्सविरुद्धची चार दिवसांची मॅच तीन दिवसांवर आणली. चार्टर विमानातून उतरतात म्हणून काय झालं, पहिल्या कसोटीला उभे राहतात ते चन्नम्मातून उतरलेल्या पोरासारखेच. उलट २०२५ ला कसोटीआधी भारत 'अ' इंग्लंड लायन्सविरुद्ध (त्यांची दुसऱ्या फळीची टीम) खेळला, आणि त्या दौऱ्यात आपली बॅटिंग पहिल्या दिवसापासून उभी राहिली. माझ्या हातात असतं तर नाव कुणाचं यावर भांडण्याआधी दोन चार-दिवसीय मॅचा मागून घेतल्या असत्या.

तुझ्यासाठी म्हणशील तर ट्रायलच्या दोन दिवस आधी बेंगळुरूला जा. कुणा पाहुण्याकडे रहा, पण कुठेतरी टर्फवर तास-दोन तास खेळून मग रांगेत उभा रहा. खर्च होतो, माहीत आहे.

त्याच्याआधी जुलैत एकदा बेळगावला ये. भुरभुर पाऊस असतो, लेदर बॉल काढता येत नाही, म्हणून आम्ही सिमेंटच्या पिचवर टेनिस बॉल बादलीत बुडवून टाकतो. ओला चेंडू सिमेंटवरून असा सटकून छातीपर्यंत येतो की पर्थ काय ते इथेच कळतं. ऑफ स्टंपपासून क्रीजपर्यंत सुतळी बांधलेली असते. तिच्या बाहेरच्या चेंडूला पहिला अर्धा तास बॅट लावायची नाही. वही मी धरतो, पाच वाजता सुरू करतो, जर्किन आण.